बंद्यांची अपिले व न्यायालयनियुक्त वकील

बंद्यांची अपिले व न्यायालयनियुक्त वकील : फौजदारी खटल्यात दोषी ठरून कारावास भोगणाऱ्या व स्वखर्चाने वकील नेमू न शकणाऱ्या व्यक्तीने केलेल्या अपिलात तिची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाने किंवा विधी सेवा संस्थेने शासकीय खर्चाने नेमलेला विधिज्ञ. अशा वकिलाची नेमणूक ही दयाबुद्धीने केलेली सवलत नसून न्याय्य कार्यपद्धतीचा अटळ भाग आहे, हे तत्त्व भारतात प्रामुख्याने १९७८ नंतर स्थिर झाले. ते ज्या निर्णयामुळे स्थिर झाले, तो निर्णय महाराष्ट्रातील एका बंद्याच्या प्रकरणातून उद्भवला. प्रस्तुत नोंदीत या तत्त्वाचा विकास, त्यामागील कायदा आणि नियुक्त वकिलाची कर्तव्ये यांचा परामर्श अहमदनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात घेतला आहे. (या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे.)

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये नगरचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलाखाली आला. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांच्या फौजदारी न्यायदानावर मुंबईच्या सदर फौजदारी अदालतीची देखरेख असे. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर हे अधिकार त्या न्यायालयाकडे आले. या व्यवस्थेत वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय होती. पण कायदा परका, न्यायालय दूर आणि कागदपत्रे सामान्य रयतेला न समजणाऱ्या भाषेत असल्यामुळे वकिलाविना त्या सोयीचा लाभ घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते.

या उणिवेची साक्ष जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे आढळते. अकोले तालुक्यातील देवगावचा महादेव कोळी पुढारी राघोजी भांगरे याने सह्याद्रीच्या डोंगराळ भागात इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड उभारले. जानेवारी १८४८ मध्ये तो पंढरपूर येथे पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाणे येथील कारागृहात त्याला फाशी देण्यात आले. त्याला वकील मिळाला नाही आणि त्यामुळे त्याची बाजू न्यायासनापुढे आलीच नाही, असे त्याच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते. त्या काळी आरोपीला वकील पुरविण्याचे बंधन शासनावर नव्हते.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या असंतोषाचे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळणाऱ्या शेतकऱ्यांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जण दोषी ठरले. त्यांपैकी नगर जिल्ह्यातील अटकेतील व्यक्ती ३९२ व दोषी ठरलेल्या २०० होत्या. ज्या कर्जाच्या दस्तऐवजातील मजकूर वाचता येत नव्हता, त्याविरुद्ध उठलेल्या या कुणब्यांना आपल्या शिक्षेचा निकालही वाचता येण्यासारखा नव्हता. या दंग्यांची कारणे शासकीय आयोगाने तपासली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही झाला. परंतु शिक्षा झालेल्या निर्धन व्यक्तीच्या अपिलासाठी वकील देण्याचा विचार त्या काळच्या कायद्याला शिवला नाही.

अशा वेळी वकिलांची वैयक्तिक सदसद्विवेकबुद्धी हाच काय तो आधार असे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी यांनी सरकारी रोषाची पर्वा न करता बचावाचे काम पत्करले. फडके यांना जन्मठेप झाली; तथापि आरोपी कितीही अप्रिय असला, तरी त्याची बाजू मांडणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, याचे हे महाराष्ट्रातील प्रारंभीचे ठळक उदाहरण होय.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३४० व्या कलमाने आरोपीला आपल्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला; पण वकिलाचे शुल्क कोणी द्यावयाचे, याविषयी ते कलम मौन पाळून होते. देहान्त शिक्षेस पात्र असलेल्या खटल्यांत शासकीय खर्चाने वकील नेमण्याची प्रथा काही प्रांतांत नियमांद्वारे रुजली. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात विधिसाहाय्य देणारी एक स्वयंसेवी संस्था निघाली. १९४९ मध्ये मुंबई शासनाने न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना विधिसाहाय्य देण्याच्या प्रश्नावर समिती नेमली. तिच्या शिफारशी दूरदृष्टीच्या होत्या. परंतु निधीअभावी त्यांपैकी फारच थोड्या प्रत्यक्षात आल्या.

इतर देशांतही हे तत्त्व क्रमाक्रमानेच मान्य झाले. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने गरीब आरोपीला खटल्यात व १९०७ च्या फौजदारी अपील कायद्याने अपिलात वकील देण्याची तरतूद झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च १९६३ रोजी एकाच दिवशी दोन निर्णय दिले : गिडियनच्या प्रकरणात खटल्यासाठी, तर डग्लसच्या प्रकरणात पहिल्या अपिलासाठी निर्धन व्यक्तीला वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. अँडर्सच्या प्रकरणात (१९६७) त्याच न्यायालयाने असे ठरविले, की अपिलात तथ्य नाही असे वाटले तरी नियुक्त वकिलाने नुसते पत्र लिहून अंग काढून घेता कामा नये. अभिलेखातून अपिलाला पोषक ठरू शकेल असे जे जे आढळेल, ते त्याने न्यायालयापुढे ठेवले पाहिजे. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या चौदाव्या अनुच्छेदात निर्धन आरोपीला विनामूल्य वकील आणि दोषी व्यक्तीला वरिष्ठ न्यायालयाकडून फेरतपासणी हे दोन्ही हक्क समाविष्ट आहेत. भारताने १९७९ मध्ये या करारनाम्यास मान्यता दिली.

संवैधानिक विकास : भारतीय संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटकेतील व्यक्तीला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा मूलभूत हक्क दिला. मात्र तो वकील पुरविण्याचे दायित्व शासनावर आहे काय, हा प्रश्न अनिर्णित होता. तेलंगणातील खटल्यांतून उद्भवलेल्या जनार्दन रेड्डी प्रकरणात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीला वकील नव्हता एवढ्याच कारणाने खटला रद्दबातल ठरत नाही, अशी भूमिका घेतली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०४ व्या कलमाने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला शासकीय खर्चाने वकील देणे बंधनकारक केले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या ३९ अ या अनुच्छेदाने समान न्याय व विनामूल्य विधिसाहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व ठरले. तरीही ३०४ व्या कलमाचा रोख सत्र न्यायालयातील खटल्यापुरता होता. शिक्षा झाल्यावर तुरुंगाचे दार बंद झाले, की संहितेने दिलेला वकीलही बंद्यापासून दुरावत असे.

ही पोकळी माधव हयवदनराव होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात (१९७८) भरून निघाली. बनावट विद्यापीठीय पदवी प्रमाणपत्राशी निगडित अशा या गुन्ह्यात सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद व दंड अशी नाममात्र शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये ती वाढवून तीन वर्षांचा कारावास केला. बंद्याने सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची विशेष अनुज्ञा मागितली, ती चार वर्षांहून अधिक विलंबाने. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला वेळीच मिळाली नाही, हे त्याने विलंबाचे कारण दिले. प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठविण्यात आली होती. ती बंद्याला दिली होती, पण राज्यपालांकडे पाठवावयाच्या दयेच्या अर्जासोबत जोडण्यासाठी परत घेतली, असे कारागृहाचे म्हणणे पडले. मात्र प्रत दिल्याबद्दल बंद्याची लेखी पोच कारागृहाकडे नव्हती.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या त्रुटीच्या मुळाशी असलेला प्रश्न हाती घेतला. निकालाची प्रत आणि वकील या दोन गोष्टींवाचून अपिलाचा हक्क कागदावरच राहतो व वैयक्तिक स्वातंत्र्याचे संरक्षण करणाऱ्या एकविसाव्या अनुच्छेदाला अभिप्रेत असलेली न्याय्य कार्यपद्धती अपुरी ठरते, असे त्यांनी प्रतिपादिले. त्या निर्णयातील प्रमुख निदेश पुढीलप्रमाणे होते : (१) कारावासाची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत तत्काळ विनामूल्य द्यावी. (२) प्रत कारागृहाकडे पाठविली असल्यास अधिकाऱ्याने ती सत्वर बंद्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यावी. (३) अपील किंवा पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी लागणाऱ्या सर्व सोयी कारागृहाने उपलब्ध कराव्यात. (४) दारिद्र्य किंवा बाह्य जगाशी तुटलेला संपर्क यांमुळे बंद्याला वकील नेमता येत नसेल व शिक्षेचे गांभीर्य आणि न्यायाचे हित यांची तशी मागणी असेल, तर न्यायालयाने सक्षम वकील नेमावा; मात्र बंद्याचा त्यास आक्षेप नसावा. (५) अशा वकिलाचे न्यायालयाने ठरविलेले योग्य शुल्क राज्याने द्यावे. गुणवत्तेवर मात्र अनुज्ञा नाकारण्यात आली. स्वतः बंद्याच्या पदरी काही पडले नाही. पण त्याच्यामागून येणाऱ्या सर्व बंद्यांना हक्क मिळाला.

पुढील दशकात या तत्त्वाचा विस्तार झाला. हुसैनारा खातून प्रकरणाने (१९७९) विनामूल्य विधिसाहाय्य हे एकविसाव्या अनुच्छेदाचे अंगभूत घटक ठरविले. खत्री प्रकरणात (१९८१) आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम हजर केल्यापासूनच हा हक्क लागू होतो व त्याची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे ठरले. सुक दास प्रकरणात (१९८६) आरोपीने वकील मागितला नाही या कारणास्तव तो नाकारता येत नाही, असा निर्णय झाला. मुंबईतील महिला बंद्यांच्या स्थितीबाबत पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात (१९८३) न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांनी महाराष्ट्रातील कारागृहांना उद्देशून निदेश दिले. विधिसाहाय्य समित्यांकडे बंद्यांच्या याद्या पाठविणे, समितीच्या वकिलांनी पंधरवड्यातून कारागृहास भेट देणे व त्यांना बंद्यांशी बोलण्याची सोय असणे या गोष्टी त्यामुळे नियमात आल्या. राजू ऊर्फ रमाकांत प्रकरणात (२०१२) खटला व अपील यांत या हक्काच्या दृष्टीने भेद करता येत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगण्यात आले.

वैधानिक तरतुदी : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार अभिरक्षेतील व्यक्ती तिचे उत्पन्न कितीही असले, तरी विधी सेवेस पात्र असते. त्याअन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा प्राधिकरणे, तसेच सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या विधी सेवा समित्या स्थापन झाल्या. बंद्यांच्या अपिलांतील बहुतांश नेमणुका आता या समित्यांच्या नामिकेवरील वकिलांतून होतात. जिल्हा पातळीवर २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजनाही सुरू झाली आहे.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या ३०४ व्या कलमाशी समकक्ष अशा तिच्या ३४१ व्या कलमात खटल्याबरोबर अपिलाचाही स्पष्ट उल्लेख आहे. होस्कोट प्रकरणात न्यायालयाने जे १९७८ मध्ये सांगितले, ते संहितेच्या शब्दांत येण्यास अशा रीतीने सेहेचाळीस वर्षे लागली. कारागृहातील बंद्याला आपले अपील कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्यामार्फत दाखल करता येते (पूर्वीचे कलम ३८३, आताचे ४२४). अपिलाची मुदत संपण्यापूर्वी असे अपील प्रारंभीच फेटाळता येत नाही. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास साठ दिवसांची, तर देहान्त शिक्षेविरुद्ध तीस दिवसांची मुदत आहे. निकालाची प्रत मिळविण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो.

नगर जिल्ह्यातील अपिलांचा मार्ग : दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्धची अपिले सामान्यतः जिल्ह्यातील सत्र न्यायालयात चालतात. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्धची अपिले उच्च न्यायालयात जातात. १९८१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ सुरू झाले व १९८४ मध्ये त्यास कायम स्वरूप आले. नगर जिल्हा त्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. विसापूर (ता. श्रीगोंदे) येथे कारागृह असले, तरी दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या बंद्यांना बहुधा येरवडा, नाशिक रोड किंवा हर्सूल येथील मध्यवर्ती कारागृहांत ठेवले जाते. यामुळे एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. बंदी येरवड्यास, त्याचे कुटुंब अकोले किंवा जामखेड तालुक्यातील एखाद्या वाडीत, खटल्याचा अभिलेख नगरला आणि अपील चालविणारा वकील नगरपासून सुमारे ११५ किमी. वरील खंडपीठात, अशी त्याच्या अपिलाची चार ठिकाणी वाटणी होते. ज्याच्यासाठी युक्तिवाद करावयाचा, त्याचे तोंडही न पाहता वकील न्यायासनापुढे उभा राहण्याचा संभव या अंतरामुळे वाढतो. अलीकडे दूरदृश्य प्रणालीमुळे भेटीची अडचण काहीशी कमी झाली आहे.

देहान्त शिक्षेच्या प्रकरणांत तर बंद्याने अपील केले नाही, तरी उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यक असते. कोपर्डी (ता. कर्जत) येथे जुलै २०१६ मध्ये घडलेल्या अत्याचार व खुनाच्या प्रकरणात नगरच्या सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना देहान्त शिक्षा सुनावली. ती सुनावली गेली, तरी उच्च न्यायालयाने पुष्टी दिल्यावाचून तिची अंमलबजावणी होऊ शकत नाही. त्यांतील मुख्य आरोपी सप्टेंबर २०२३ मध्ये येरवडा कारागृहात मरण पावला. पुष्टीच्या सुनावणीत किमान दोन न्यायाधीशांना संपूर्ण पुरावा नव्याने तपासावा लागतो. गुन्ह्यामुळे समाजमन जेवढे प्रक्षुब्ध झालेले असते, तेवढी बचावाच्या वकिलाची जबाबदारी अधिक अवघड होते. वकील संघांनी विशिष्ट आरोपींचे वकीलपत्र न घेण्याचे ठराव करण्याची प्रवृत्ती देशात अनेक ठिकाणी दिसून आली. मोहम्मद रफी प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व ठराव घटनाबाह्य व शून्यवत ठरविले. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब यालाही खटल्यात, उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात शासकीय खर्चाने वकील देण्यात आले.

नियुक्त वकिलाची कर्तव्ये : ही कर्तव्ये संहिता, भारतीय वकील परिषदेचे नियम, विधी सेवा विनियम व न्यायनिर्णय यांतून सिद्ध झाली आहेत. त्यांचे मूलतत्त्व एकच आहे : शुल्क कोणीही दिले तरी पक्षकार बंदीच असतो व खाजगी वकिलाकडून अपेक्षित असलेली सर्व निष्ठा त्याला मिळाली पाहिजे.

(१) अभिलेखाचे वाचन : अपिलात नवा पुरावा क्वचितच येतो, सर्व भिस्त खालच्या न्यायालयाच्या अभिलेखावर असते. त्यामुळे साक्षी, पंचनामे, वैद्यकीय व रासायनिक अहवाल, आरोपीचा जबाब आणि आरोपपत्र यांचे मुळातून वाचन हे पहिले कर्तव्य होय. केवळ निकालपत्र वाचून केलेला युक्तिवाद न्यायाधीशाने जे पाहिले तेवढेच पाहतो. त्याच्या नजरेतून निसटलेली विसंगती त्याला दिसत नाही. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांत साक्षी मराठीत नोंदविल्या जातात व उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणून भाषांतर मूळ साक्षीशी ताडून पाहणेही अगत्याचे ठरते. ‘पाहिले’ व ‘ऐकले’ किंवा ‘तो होता’ व ‘तो असावा’ यांतील फरक भाषांतरात पुसला गेला, तर त्याची किंमत बंद्याला जन्मठेपेने मोजावी लागते.

(२) बंद्याशी संपर्क : शक्य असेल तेथे वकिलाने बंद्याची भेट घ्यावी, त्याला समजेल अशा भाषेत अपिलाचे स्वरूप सांगावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. कारागृहातून आलेले अपील पुष्कळदा छापील नमुन्यातील दोन-चार ओळींचे असते. ते सहबंद्याने किंवा कारागृहातील लेखनिकाने लिहिलेले असते. त्यातील कारणांपुरते स्वतःला मर्यादित न ठेवता वकिलाने अपिलाची कारणे दुरुस्त व परिपूर्ण करून घ्यावीत. बंद्याशी झालेले संभाषण गोपनीय असते.

(३) मुदत व जामीन : अपिलाला झालेल्या विलंबाचे कारण शोधून क्षमापनाचा अर्ज करणे आणि शिक्षा स्थगित करून जामिनाची मागणी करणे, ही कामे नियुक्तीनंतर लगेच हाती घ्यावी लागतात. अपिले प्रलंबित राहण्याचा काळ पाहता, अल्प मुदतीच्या शिक्षेत जामीन न मिळाल्यास निर्णयापूर्वीच शिक्षा भोगून संपण्याचा संभव असतो.

(४) स्वतंत्र व निर्भय प्रतिपादन : वकील परिषदेच्या नियमांनुसार आरोपीच्या अपराधाविषयीचे स्वतःचे मत बाजूस ठेवून वकिलाने त्याचा बचाव करावयाचा असतो, पुरेशा पुराव्यावाचून कोणीही दोषी ठरू नये, या कायद्याच्या तत्त्वाशी त्याची निष्ठा असते. बंद्याच्या संमतीवाचून दोषसिद्धी मान्य करून केवळ शिक्षा कमी करण्याची विनंती करणे हे या कर्तव्याशी विसंगत आहे. अनेक आरोपी असल्यास प्रत्येकाविरुद्धचा पुरावा वेगळा काढून दाखविणे आणि त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्यास वेगळ्या वकिलाची विनंती करणे आवश्यक असते.

(५) शिक्षेसंबंधी युक्तिवाद : शिक्षा वाढविण्यासाठी शासनाने अपील केले असल्यास बंद्याला कारण दाखविण्याची संधी मिळाली पाहिजे, अशा वेळी त्याला निर्दोषत्वाचाही युक्तिवाद करता येतो. देहान्त शिक्षेच्या प्रकरणांत बंद्याचे वय, पूर्वायुष्य, कौटुंबिक व मानसिक स्थिती आणि सुधारणेची शक्यता यांविषयीची माहिती वकिलाने जमवून सादर करावयाची असते.

(६) मोबदला न घेणे : नियुक्त वकिलाने बंद्याकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून कोणत्याही स्वरूपात पैसे घेणे हे गैरवर्तन ठरते.

(७) निर्णयानंतरची जबाबदारी : निकाल व त्याचा अर्थ बंद्याला कळविणे, प्रत मिळवून देणे आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग व मुदत समजावून सांगणे येथवर हे कर्तव्य पोहोचते. अपील प्रलंबित असताना बंद्याचा मृत्यू झाल्यास अपील सामान्यतः संपुष्टात येते. परंतु देहान्त किंवा कारावासाच्या शिक्षेविरुद्धचे अपील पुढे चालविण्याची अनुज्ञा जवळच्या नातेवाइकाला तीस दिवसांत मागता येते. कुटुंबावरील कलंक दूर होण्याची ती अखेरची संधी असल्याने वकिलाने ही तरतूद नातेवाइकांच्या निदर्शनास आणावी.

न्यायमित्र व नियुक्त वकील यांतील भेद : लॅटिनमधील ‘ॲमिकस क्युरी’ या संज्ञेवरून रूढ झालेला ‘न्यायमित्र’ हा तत्त्वतः न्यायालयाचा साहाय्यक असतो, तर विधी सेवेतील वकील बंद्याचा प्रतिनिधी असतो. बंद्याचा वकील सुनावणीस गैरहजर राहिल्यास न्यायालये पुष्कळदा न्यायमित्र नेमून अपील निकालात काढतात. व्यवहारात दोघांचे काम एकच झाले असले, तरी न्यायमित्राला बंद्याकडून सूचना घेण्याचे बंधन नाही असे मानल्यास बंदी पुन्हा एकाकी पडतो. बनी सिंग प्रकरणात (१९९६) असे ठरले, की वकिलाच्या गैरहजेरीमुळे अपील फेटाळता येत नाही. अभिलेख पाहून गुणवत्तेवर निर्णय द्यावा लागतो व बंदी कारागृहात असल्यास त्याला शासकीय खर्चाने वकील देता येतो. मोहम्मद सुकुर अली प्रकरणात (२०११) वकिलाच्या अनुपस्थितीत आरोपीविरुद्ध निर्णय देऊ नये, असे मत व्यक्त झाले.

नियुक्तीच्या गुणवत्तेचा प्रश्न अनोखीलाल प्रकरणात (२०१९) ऐरणीवर आला. त्या खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीस पुरेसा अवधी न देता तेरा दिवसांच्या आत आरोप ठेवून देहान्त शिक्षेपर्यंतचे कामकाज उरकण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला व मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार जन्मठेप किंवा देहान्त शिक्षा संभवत असेल, अशा प्रकरणांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील नेमावा. उच्च न्यायालयातील देहान्त शिक्षेच्या पुष्टीत ज्येष्ठ विधिज्ञांचा प्राधान्याने विचार व्हावा. आणि तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस द्यावेत. वकिलाला आरोपीशी भेटी व चर्चा करू देण्यावरही न्यायालयाने भर दिला.

मूल्यमापन : अपिलातील वकिलाच्या कामाला किती मोल आहे, हे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणावरून स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्यातील २००३ मधील एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये देहान्त शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा सौम्य केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना देहान्त शिक्षा कायम केली. पुढे तो निर्णय मागे घेऊन अपिले नव्याने ऐकण्यात आली आणि ५ मार्च २०१९ रोजी अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयाने सर्व सहा जण निर्दोष सुटले. राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असाही आदेश झाला. अभिलेख तोच होता. फरक पडला तो त्याच्या वाचनात.

जन्माने गुन्हेगार मानण्याची वृत्ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दृढ केली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची सवय पूर्णतः गेलेली नाही. नगर जिल्ह्यातील पारधी व अन्य भटक्या समाजांतील, तसेच अकोले तालुक्यातील ठाकर व महादेव कोळी समाजांतील निर्धन बंद्यांच्या दृष्टीने नियुक्त वकील हा अनेकदा एकमेव वकील असतो.

या व्यवस्थेतील प्रमुख उणिवा सर्वपरिचित आहेत : अपुरे शुल्क, ते मिळण्यातील विलंब, कनिष्ठ व अननुभवी वकिलांवर पडणारा भार, कागदपत्रे उशिरा मिळणे आणि कामाच्या मूल्यमापनाचा अभाव. सुहास चकमा प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने, अपील न केलेल्या दोषसिद्ध बंद्यांशी विधी सेवा संस्थांनी नियमित संपर्क ठेवावा, असा निदेश दिला. शिक्षेच्या निकालपत्रासोबतच विनामूल्य विधिसाहाय्याची माहिती देणारे पृष्ठ जोडण्याचा विचार उच्च न्यायालयांनी करावा, असेही सुचविले. निकालाची प्रत बंद्याच्या हाती पडली की नाही, या येरवड्यातील प्रश्नापासून सुरू झालेला हा प्रवास अजून त्याच प्रश्नाभोवती फिरत आहे. देवगावच्या राघोजीला न मिळालेला वकील आज कोणत्याही बंद्याला नाकारता येत नाही. तो वकील अभिलेख वाचून, बंद्याला ओळखून व पुरेशी तयारी करून उभा राहतो की नाही, यावर मात्र या हक्काचे मोल ठरते.